कोरं वर्तुळ

कुओपियोत माझं केस कापायचं दुकान आहे, तीन खुर्च्यांचं.
वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या माना मी बोटांनी ओळखते,
आणि माझ्याच मुलाच्या मानेवरची चाई
मला दिसली शाळेच्या फोटोत.

दोन युरोच्या नाण्याएवढी. गुळगुळीत.
त्याचं नाव ओत्सो. म्हणजे अस्वल.
मार्चपर्यंत नाणी सात झाली,
मग मी मोजायचं सोडलं,
आणि भुवया गेल्या त्या आठवड्यात
दुकानातले आरसे पुसले नाहीत.

डॉक्टर पिर्होनेननी विचारलं,
घरात आणखी कुणाला काही?
नाही, म्हटलं. आम्ही सगळे ठणठणीत.
त्यांनी कागद पुढ्यात ओढला,
बाईला वर्तुळ, पुरुषाला चौकोन,
म्हणाल्या, घाई नाही.

तर आई, सानेल्मा.
राईची भाकरी खाल्ली की पोट धरून बसायची.
आम्ही म्हणायचो, नखरे.
इल्मोमामा, सातव्या वर्षापासून मांडीत सुई;
तळ्याच्या बर्फावर मासे धरायला जाताना
इन्सुलिन काखेत, गोठू नये म्हणून.
राइलीमावशीचे हात पांढरे.
थंडीनं भाजले, असं तीच सांगायची,
म्हणून त्या कोडाचं
आम्हाला कधी कोडंच पडलं नाही.
तिची मुलगी, वय बत्तीस, सकाळी
बरणीचं झाकण उघडू शकत नाही.

पेन्सिल थांबेना.
सगळ्यात वर पणजोबा एल्यास,
युद्धात कारेलिया सोडून आले
एक गाय आणि एक शिवणयंत्र घेऊन.
प्रत्येक फोटोत टोपी.
लग्नाच्यासुद्धा.
त्यांच्या चौकोनात डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह काढलं.

एकच आजार नाही हा, त्या म्हणाल्या.
सहाव्या गुणसूत्रावर एक आळी आहे,
आपलं कोण, परकं कोण, हे बरंचसं तिथे ठरतं.
तिथल्या अक्षरांना तुमच्या घराण्याचं वळण आहे, इतकंच.
मग कुंपण शेत खातं:
कुणाचं साखरेचं, कुणाचं सांध्यांचं, कुणाचं केसांचं.
पुष्कळदा खातच नाही.
सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या मुळाभोवती
मोहोळ उठल्यासारख्या पेशी दिसतात,
पण मूळ मरत नाही.
येतील परत, कदाचित.
त्या ‘कदाचित’ला त्यांनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

माझं वर्तुळ कोरं ठेवलं त्यांनी.
पुरातून कोरड्या पायांनी आल्यासारखी
मी ओशाळले.
आकारानं ते नेमकं दोन युरोचं नाणं होतं,
आणि रेघ त्याच्यातूनच खाली गेली होती.
ज्याच्या केसालाही धक्का लागू दिला नाही
त्याला हे मीच...

मी विचारलंच नव्हतं.
तरी त्या म्हणाल्या, अर्धं पान तुमचं,
अर्धं त्याच्या बापाचं,
आणि बरंचसं कुणाचंच नाही.
हिशोब जुळत नव्हता. बरं वाटलं.

युहान्नुसच्या संध्याकाळी सगळे सॉनात.
बाहेर अंधार पडायचं नाव नाही.
फळीवर दाटीवाटीनं बसलो:
मामाच्या मांडीवर टोचल्याचे निळे ठिपके,
आईच्या बरगड्या,
नवऱ्याचं पोट, जे कागदावर कुठेच नव्हतं.
मावशीनं तापल्या दगडांवर पाणी ओतलं
आणि वाफेत तिचे हात दिसेनासे झाले.

ओत्सोच्या डोक्यावर अजून लोकरीची टोपी.
काढ रे, मामा म्हणाला, मेंदू शिजेल.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग काढली.

कुणी काही बोललं नाही.
दगड चुरचुरत राहिले.
मावशी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.
मग म्हणाली, थंडीनं भाजलं नव्हतं मला. कधीच.

माहीत आहे, आई म्हणाली.
टाक आणखी एक पळी.